पाऊण तासाची किल्ली

"पाऊण तासात किल्ली परत हवी," करंदीकर बाई जाळीच्या दारातून म्हणाल्या.

"हाव ताई," माझी आई म्हणाली. तिच्या एका हातात रेक्झिनची बॅग होती, दुसऱ्या हातात तोंड बांधलेली मोठी पिशवी. त्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी तिला तिथूनच परत फिरवली असती.

बाईंनी चष्म्यावरून त्या पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "गावंडे, तू एकदा पाहिलंयस घर."

"हो बाई, आईला एकदा पाहायचंय फक्त."

"पाहायला पाऊण तास पुष्कळ झाला," बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

जिन्यात आईनं विचारलं, "किल्ली परत काहून मागते ते? घर तं आपलं हाय ना?"

"पुण्याची पद्धत हाय," मी म्हटलं. "करार होईपर्यंत किल्ली मालकाजवळच राहते."

आईचं समाधान झालं. पुण्याची पद्धत म्हटलं की आमच्या कारंजा गावात कुठल्याही गोष्टीचा उलगडा होतो. आई पुढे आणि मी मागे अशा आम्ही दोन मजले चढलो. पण घर आपलं नव्हतं. मी थाप मारली होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि भांडारकर रस्त्यावर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होते. लोकांच्या तीन-तीन बेडरूमच्या घरांत सोफा कुठे बसेल, देवघर कुठल्या दिशेला येईल याची काळजी मी दिवसभर वाहायची. मी स्वतः राहायची वाघोलीच्या पुढे, प्लॉटिंगमधल्या एकट्या उभ्या घराच्या गच्चीवरल्या एका खोलीत. ऑफिस साडेआठला सुटायचं. दोन बस बदलून उतरले की पुढे पंधरा मिनिटं दिवे नसलेला रस्ता. एका संध्याकाळी स्टॉपपासून एक मोटारसायकल माझ्या मागे लागली. मी चालले की ती चालायची, थांबले की थांबायची. झालं काहीच नाही, मी पळत घरी पोचले. पण मूर्खपणा असा केला की हे सगळं फोनवर दादाला सांगून बसले.

दादा वाईट नाही. बाबा गेल्यापासून त्यानं घर ओढलं आणि माझं शिक्षणही केलं. पण घाबरला की तो हुकूम सोडतो. "अखजीपर्यंत घर पाय," तो म्हणाला. "चांगलं, वस्तीतलं. नाई भेटलं तं बोरियाबिस्तरा बांध आन परत ये. अकोल्यातबी लोकं घरं बांधतात." अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. माझ्या हातात तीन आठवडे होते.

आईनं फोन घेऊन आणखी एक अट घातली. "जिथं दिवे लागल्यावरबी दुकानं उघडी असतात, पोरंपोरी फिरतात, तिथं पाय. माह्या जिवाले तेवढंच बरं वाटन."

म्हणजे फर्ग्युसन रस्ता, डेक्कन, तो सगळा भाग. माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाला तिथंच राहायचं होतं आणि तिथं कुणालाच परवडत नव्हतं. तीन आठवडे मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घरं पाहिली. एका मालकानं विचारलं, नॉनव्हेज खाता का? मी नाही म्हटलं, तर म्हणाला, मग मित्र येतात का? एका ठिकाणी घर सुंदर होतं, भाडं माझ्या आख्ख्या पगाराएवढं. एका काकूंनी तर मला सरबत दिलं, मायेनं चौकशी केली आणि मग सांगितलं की आम्ही फक्त फॅमिलीला देतो. ते सरबत मी अर्धं ठेवून उठले. माझं डोकं लवकर फिरतं, हा माझा जुना दोष आहे.

शेवटच्या रविवारी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत करंदीकर बाईंची ओळ सापडली. फर्ग्युसन रस्त्यामागची गल्ली, दोन खोल्या, लिफ्ट नाही, एजंटने फिरकू नये. मी मिळेल ती बस पकडून दारात हजर झाले. बाई शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मी काकू म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुणाची काकू नाही. बाई म्हण." मला त्यांनी आडनावानंच हाक मारायला सुरुवात केली, वर्गात मारतात तशी. भाडं पगाराच्या निम्म्याहून थोडं कमी होतं. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि गॅलरीत उभं राहिलं की खाली अख्खी गल्ली. ज्यूसवाला, झेरॉक्स, इडलीची गाडी, मेस, अभ्यासिका, आणि सायकलींपासून बुलेटपर्यंत सगळ्यांवर बसलेली माझ्या वयाची माणसं.

"आवडलं?" मी किल्ली द्यायला खाली आले तेव्हा बाईंनी विचारलं.

"खूप."

"मग ऐक. घर माझ्या आणि मुलाच्या, दोघांच्या नावावर आहे. सलील बंगलोरला असतो. मी त्याच्याशी बोलते. अक्षय्य तृतीयेला ये, काय ते सांगते."

एवढंच. त्यांनी शब्द दिला नव्हता. पण संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मागून दादाचा आवाज येत होता, टेम्पोवाल्याशी बोलू का म्हणून विचार तिले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, घर भेटलं."

त्यानंतर मला काही बोलूच दिलं नाही. आईनं तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं चार दिवसांत खरंच मिळेल, मग खोटं बोलल्यासारखं होणारच नाही. पण आई अखजीच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसली आणि सकाळी मला शिवाजीनगरहून फोन केला की ये घ्यायला. अखजीला आमच्याकडे वारलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. बाबांची घागर दादावर सोपवून ती आली होती. लग्न झाल्यापासून तिनं हा दिवस कधी घराबाहेर काढला नव्हता.

तर आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचलो. कुलूप उघडलं. आईनं उजवा पाय आत टाकला आणि थेट गॅलरीत गेली. कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत राहिली.

"बाप्पा! इथं तं जत्राच भरली हाय."

"रोजच असते अशी."

"किती वाजेपर्यंत?"

"अकरा."

तिनं बोट दाखवून दुकानं मोजली. मग म्हणाली, "इथं कोनी मागं लागलं तं नुसती वरडलीस तरी पन्नास लोकं जमतीन." पदरानं तोंड पुसलं. "तीन आठवडे झाले योगू, दिवेलागन झाली का मी घड्याळच पाहात बसतो. आता नाई पाहनार."

सांगायचं होतं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी "आई" असं म्हटलंसुद्धा. पण ती तोवर स्वयंपाकघरात शिरली होती आणि त्या पिशवीची गाठ सोडत होती. पिशवीतून आधी विजेची शेगडी निघाली. मग पितळी पातेलं, हळदीकुंकवाची डबी, मिठाची पुडी आणि शिवाजीनगरला घेतलेली दुधाची पिशवी.

"हे काय?"

"दूध उतू घालाचं ना. नवं घर हाय."

"आज नको आई. अजून करार व्हायचा हाय."

"कराराचं दादा पाहीन. अखजीसारखा मुहूर्त पुन्हा येनार हाय का?" आणि तिनं शेगडीची पिन बोर्डात घातलीसुद्धा.

नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटते तेव्हा दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे त्या घरात कशाला कमी पडत नाही. माझ्यासाठी तो एक रिवाज होता. आईसाठी ती घराची नोंदणीच. आता हे दूध वर आलं की हे घर माझं, मग ते कुणाच्याही नावावर असो. मी दाराला टेकून उभी राहिले. दूध तापत होतं. आई त्याच्याकडे असं पाहत होती की त्यात मध्येच बोलणं मला जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं तर तुम्ही माझ्यापेक्षा धीट.

दूध वर आलं, काठावर थांबलं आणि भसकन ओट्यावर सांडलं.

"उत्तरेकडं गेलं!" आईनं टाळी वाजवली. "पाय, पाय, उत्तरेकडं."

उत्तरेकडून ते खाली शेगडीच्या तारेत गेलं. चर्र झालं, ठिणगी उडाली, करपल्याचा वास सुटला आणि दिवे गेले. बाईंचा आणि वरचा मीटर तेव्हा एकच होता. मे महिन्याच्या दुपारी त्यांचा पंखा बंद पडला.

"गावंडे!" खालून आवाज आला. "काय चाललंय वर?"

"तू पूस, मी पाहून येतो," असं आईला सांगून मी खाली पळाले.

बाई मीटरच्या पेटीजवळ हातात तार घेऊन उभ्या होत्या. फ्यूज त्यांनी स्वतः बांधला. पंखा सुरू झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं तूच आलीस. आत ये, बस."

मी बसले नाही.

"सकाळी सलीलचा फोन आला. त्यानं परस्पर घर ठरवलंय. त्याच्या ओळखीतलं जोडपं आहे, भाडं कंपनी देणार. उद्या यायचे आहेत. मला हे आवडलेलं नाही, पण घर त्याचंही आहे. मी तुला शब्द दिला नव्हता, गावंडे."

"नाही बाई. दिला नव्हता."

मी रडणार नव्हते. पण रडले, आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं. मोटारसायकल, दादा, घर भेटलं म्हणून मारलेली थाप, बाबांची घागर सोडून आलेली आई, उतू गेलेलं दूध.

"दूध?" बाईंचा आवाज चढला. "माझ्या घरात इलेक्ट्रिक शेगडी लावून दूध उतू घातलंत?"

मी मान हलवली.

"आणि तुझ्या आईला हे कोण सांगणार?"

"मीच सांगते. फक्त एक तास द्या. तेवढ्यात इथंच कुठं दुसरं घर मिळालं तर…"

"एका तासात?"

"हो."

चाळीस वर्षं उशिरा आलेल्या मुलांच्या सबबी ऐकलेल्या त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा."

त्या तासात मी तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. वर जाऊन आईला तोंड दाखवण्यापेक्षा उन्हात पळणं सोपं होतं, हे मी आज कबूल करते. ज्यूसवाल्यानं एक पत्ता दिला, तिथं एका खोलीत सहा खाटा होत्या आणि सहाव्या खाटेवर सुटकेस ठेवलेली होती. झेरॉक्सवाल्यानं एक दिला, ते घर आदल्या दिवशीच गेलं होतं. एका बंगल्याच्या फाटकातून मला वॉचमननंच परत पाठवलं. शेवटी मी एका झाडाखाली उभी राहून आईला सांगायचं वाक्य पाठ केलं. आई, मी खोटं बोलले, घर मिळालेलं नाही, चल, मी तुझ्याबरोबर परत येते. तीन वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी आवाज बरा निघाला.

परत आले तेव्हा बाईंचं जाळीचं दार उघडं होतं. आई आत वेताच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. बाई फोनवर होत्या, आणि वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत होत्या.

"नाही सलील, ते आता शक्य नाही. अरे, त्या घरात त्यांचं दूध उतू गेलंय. हो, आजच. अक्षय्य तृतीयेला. एकाचं दूध उतू गेलेल्या घरात दुसऱ्याला कसं ठेवायचं? त्या लोकांना काही झालं म्हणजे? …विचार ना तुझ्या बायकोला. दे तिला फोन."

मग त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "बघ, तीसुद्धा तेच म्हणतेय," असं म्हणून फोन ठेवला.

मी दारातच उभी होते. बाई माझ्याकडे वळल्या. "करार सोमवारी. आधार, फोटो, पोलीस चौकीचा फॉर्म, सगळं आण. आणि ती शेगडी पुन्हा या वास्तूत दिसता कामा नये."

"पाय," आई मला म्हणाली, "मी तं वर गेल्याबरोबर म्हनलं, घर लय गुनाचं हाय." मग माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहून विचारलं, "कुठी गेलती एवढ्या उन्हात?"

"ऑफिसचं काम होतं. प्रिंट काढायच्या होत्या."

"बरं," आई म्हणाली. "चहा घे."

मी त्या घरात सात वर्षं राहिले.

सात वर्षांत माझं जे काही झालं ते त्या दोन खोल्यांमुळे झालं, हे मी कुणालाही सांगते. ऑफिसपासून दहा मिनिटांवर असल्यामुळे मी उशिरापर्यंत थांबून काम शिकू शकले. खालच्या मेसमध्ये मैत्रिणी मिळाल्या, त्यांतल्या दोघींबरोबर मी आज स्वतःचं ऑफिस चालवते. अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा इडलीच्या गाडीवर भेटायचा, तो पुढे नवरा झाला. दादा पहिल्यांदा आला तेव्हा गॅलरीत सतरंजी टाकून झोपला आणि सकाळी म्हणाला, "इथं तं मलेच राहावं वाटून राहिलं." वाघोलीच्या त्या अंधाऱ्या रस्त्यावरून करंदीकर बाईंच्या श्रद्धेनं मला उचलून इथं आणून ठेवलं, असं मी मानत आले. बाईंचे उपकार मी कधी विसरले नाही. दर अक्षय्य तृतीयेला मी त्यांच्यासाठी आमरस घेऊन खाली जायची. त्या वाटी पुसून खायच्या आणि विलायची जास्त झाली म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र मला कधी जुळवता आली नाही. बाईंच्या घरात देव नव्हता. देवघर नाही, तसबीर नाही, दाराला लिंबूमिरची नाही. ग्रहणाच्या दिवशी सगळी गल्ली दारं लावून बसली की बाई अंगणात खुर्ची टाकून भेळ खायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सावलीचा नियम समजावून सांगायच्या. मी मनाशी म्हणायची, असतं प्रत्येकाचं एखादं. एवढं एक दुधाचं त्यांच्या आईनं मनावर बिंबवलं असेल.

आम्ही कोथरूडला घर घेतलं तेव्हा मी किल्ली द्यायला खाली गेले. बाई आता ऐंशीच्या पुढे होत्या. पेढे पुढे केले, नमस्कार केला. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी दुधाचं मानलंत म्हणून माझं आयुष्य उभं राहिलं."

बाईंनी पेढा खाली ठेवला. "मी काय मानलं?"

"दूध उतू गेलं होतं, ते."

"गावंडे," बाई म्हणाल्या, "सात वर्षं माझ्या डोक्यावर राहिलीस आणि माझ्याबद्दल असं समजत होतीस?" त्या खरंच दुखावल्या होत्या. मग हसल्या. "दूध उतू जातं ते तापल्यावर फेस वर येतो म्हणून. त्याच्यावरून मी घर देईन? सलीलच्या बायकोचा त्या सगळ्यावर विश्वास आहे आणि सलीलचा बायकोवर. दुसरं कुठलंच कारण त्यानं ऐकलं नसतं, म्हणून ते सांगितलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी तेवढंच बोलले."

"मग का दिलंत?"

"तुझ्या आईनं मला शपथ घातली होती. पण मी शपथही मानत नाही, आणि तू आता घर सोडते आहेस, तर सांगते."

मी त्या दिवशी पळत बाहेर गेले तशा बाई जिना चढल्या होत्या. गुडघ्यांमुळे आठ वर्षांत त्या वर गेल्या नव्हत्या. दोन मजले चढता चढता त्यांचा राग आणखी वाढला. वर आई जमिनीवर बसून दूध पुसत होती. बाईंनी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. हे घर तुमच्या मुलीचं नाही, कधीच नव्हतं, ती तुमच्याशी खोटं बोलली आहे.

"मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर तुझ्या नावानं ओरडेल," करंदीकर बाई म्हणाल्या. "मी शाळेत हजारो पालक पाहिलेत. मुलगा खोटं बोलला म्हटलं की आधी त्याच्या कानाखाली वाजवायचे, मग मला विचारायचे काय बोलला. तुझ्या आईनं विचारलं, ते लोक कधी येणार? म्हटलं, उद्या. तर म्हणाली, मग मी नीट धुऊन देते, त्यांना वास यायला नको. आणि पुन्हा फडकं पिळायला लागली. अगं, तिच्या लेखी ती मुलीचं नशीब पुसत होती. माझ्यासाठी तो नुसता सांडलेला पदार्थ होता. पण तिच्या लेखी काय होतं ते मला तिच्या हातांकडे पाहून कळत होतं."

मी समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले.

"पुसून झाल्यावर माझ्याजवळ आली. म्हणाली, ताई, एक करा. पोरगी आली की तिला मला कळलंय हे सांगू नका. तिला लाज वाटेल. मीच तिला म्हणेन की घर मला आवडलं नाही, आणि घरी जाऊन मुलालाही तेच सांगेन. माझ्यामुळे राहिलं म्हणेन. म्हणजे तो तिला परत बोलवायचा नाही, आणखी महिनाभर तरी देईल." बाईंनी चष्मा काढून साडीच्या टोकाला पुसला. "आता अशा बाईला खाली आणून चहा देण्याशिवाय मी दुसरं काय करणार होते? आणि चहा दिल्यावर घर कसं नाही देणार?"

त्या दिवशी निघताना मी त्यांना दुसऱ्यांदा वाकून नमस्कार केला. नमस्कारही त्या मानत नाहीत. पण पाय मागे घेतले नाहीत.

संध्याकाळी कोथरूडच्या घरात खोक्यांच्या ढिगात बसून मी कारंज्याला फोन लावला.

"आई, करंदीकर बाईंनं मले सगळं सांगतलं."

"काय सांगतलं?"

"तुले त्याच दिवशी समजलं होतं. मी थाप मारली होती. घर भेटलंच नव्हतं."

पलीकडे दादाच्या मुलांचा गोंगाट चालला होता. आईनं त्यांना गप्प केलं. मग म्हणाली, "काहून नोतं भेटलं? तूच तं फोनवर सांगतलं होतं, आई, घर भेटलं म्हून."

"अवं पण आई, ते…"

"मंग भेटलंच होतं," आई म्हणाली, आणि नव्या घरात पाणी किती वाजता येतं ते विचारू लागली.